रे ट्रेसिंगसाठी ग्राफिक्स कार्ड बदलताना

जुने ग्राफिक्स कार्ड बदलण्याचा विचार मी जवळजवळ दीड वर्ष पुढे ढकलत होते. माझ्याकडे जीटीएक्स १६६० सुपर होते, ६ जीबी मेमरीचे, आणि माझ्या बहुतेक गरजा ते निमूटपणे भागवत होते. कामासाठी घेतलेला पडदा १४४०पीचा असला तरी गेम मी १०८०पीवरच, म्हणजे कमी ठिपक्यांत, चालवत असे आणि त्याबद्दल माझी काही तक्रार नव्हती. मला मनापासून आवडतात ते गेम मात्र संथपणे फिरण्याचे असतात. एखाद्या ओसाड घरात शिरावे, भिंतींवरचे पोपडे पाहावेत, खिडकीतून आत आलेल्या उन्हात थोडा वेळ उभे राहावे, असे ते गेम. नेमक्या त्याच गेमच्या सेटिंगमध्ये रे ट्रेसिंगची, म्हणजे किरणांचा मार्ग मोजून प्रकाश दाखवण्याच्या पद्धतीची, ओळ असे आणि ती माझ्यासाठी निरुपयोगी असे. मला हवे त्या ताकदीचे नवे कार्ड घ्यायचे तर त्याची किंमत माझ्या उरलेल्या संपूर्ण संगणकाच्या बरोबरीची होती. केवळ प्रकाश अधिक खरा दिसावा म्हणून एवढा खर्च करावा का, याचे उत्तर मला इतरांच्या मतांवरून काढायचे नव्हते, म्हणून स्वतःच तपासून पाहायचे ठरवले. त्या तपासणीला एकूण चार महिने लागले.

सुरुवात जुन्याच कार्डापासून झाली. रे ट्रेसिंगसाठी स्वतंत्र विभाग असलेली आरटीएक्स २० मालिका सप्टेंबर २०१८ मध्ये बाजारात आली. पुढे एप्रिल २०१९ मध्ये ही कार्डे बनवणाऱ्या एनव्हिडियाने ड्रायव्हरच्या, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, नव्या आवृत्तीतून काही जीटीएक्स कार्डांनाही हे काम करण्याची मुभा दिली. असा स्वतंत्र विभाग नसल्यामुळे सगळा भार कार्डाच्या नेहमीच्या गणनेवर पडतो. मी ‘मेट्रो एक्झोडस’ या गेमची मूळ आवृत्ती उघडली, रे ट्रेसिंग सुरू केले आणि सेकंदाला ६०च्या आसपास असलेल्या फ्रेम, म्हणजे पडद्यावर एकामागून एक येणारी चित्रे, २०च्या घरात आल्या. खेळता येत नव्हते, पण पाहता येत होते, आणि मला तेवढेच हवे होते. व्होल्गाकाठच्या भागातल्या एका पडक्या लाकडी घरात मी एकाच जागी उभी राहिले आणि तीच खोली एकदा रे ट्रेसिंगशिवाय व एकदा रे ट्रेसिंगसह टिपून घेतली. पहिल्या चित्रात टेबलाखालचा कोपरा आणि खिडकीजवळची भिंत यांवर एकसारखा फिकट करडा उजेड पसरलेला होता, जणू खोलीला छप्परच नसावे. दुसऱ्या चित्रात तोच कोपरा काळोखात गेला होता, जमिनीवर उन्हाचा एक पट्टा पडला होता आणि त्याची उब वरच्या फळ्यांवर हलकेच उमटली होती. त्या दिवशी मी पंधरा मिनिटे त्या दोन चित्रांकडेच पाहत बसले.

हा फरक कुठून येतो ते समजून घेतल्यावर खर्चाचे कारणही समजले. नेहमीच्या पद्धतीत गेम आधी दृश्यातले त्रिकोण पडद्यावर बसवतो आणि मग प्रत्येक ठिपक्याचा रंग ठरवतो. दिव्याचा थेट उजेड त्यात हिशेबाने मिळतो, पण भिंतीवर आपटून परत आलेला उजेड, म्हणजे अप्रत्यक्ष प्रकाश, हा एकतर गेम बनवतानाच मोजून चित्रासारखा चिकटवलेला असतो किंवा अंदाजाने भरलेला असतो. रे ट्रेसिंगमध्ये ठिपक्यापासून दृश्यात किरण सोडले जातात आणि ते कशावर आदळतात ते खरोखर शोधले जाते. १०८०पीच्या पडद्यावर २० लाख ७३ हजार ६०० ठिपके असतात. दर ठिपक्याला एकच किरण धरला आणि सेकंदाला ६० फ्रेम हव्या असल्या, तरी सेकंदाला १२ कोटी ४४ लाख किरण होतात, आणि त्यातल्या प्रत्येकाला दृश्यातल्या लाखो त्रिकोणांतून आपला त्रिकोण शोधायचा असतो. हा शोध सोपा व्हावा म्हणून सगळे दृश्य पेटीत पेटी अशा उतरंडीत मांडलेले असते. किरण ज्या पेटीला लागतच नाही, ती पेटी आतल्या सगळ्या वस्तूंसकट एका फटक्यात बाद होते. ही उतरंड धुंडाळण्याचे आणि शेवटी त्रिकोणाशी गाठ घालून देण्याचे काम आरटीएक्स कार्डांतले स्वतंत्र विभाग करतात. आपण जे जास्तीचे पैसे मोजतो ते बऱ्याच अंशी या कामाचे असतात.

टर्नर व्हिटेड यांनी १९८० मध्ये प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधातले काचेच्या गोळ्यांचे आणि चौकटीच्या जमिनीचे चित्र ६४० बाय ४८० ठिपक्यांचे होते आणि व्हॅक्स-११/७८० या संगणकाला ते काढायला ७४ मिनिटे लागली होती. घरातल्या टेबलावरचे यंत्र आज त्याच जातीचे काम सेकंदात कित्येक वेळा करते, हे डोळ्यांसमोर असले की कार्डाच्या किमतीबद्दल बोलताना माझा सूर आपोआप खाली येतो. तरीही किंमत ती किंमतच.

दुसरा टप्पा उसन्या कार्डाचा होता. एका मैत्रिणीने तिचे जुने आरटीएक्स २०६० मला दोन आठवडे वापरायला दिले. रे ट्रेसिंगच्या दारात स्वस्तात पाऊल ठेवता येते का, हे मला त्यावर पाहायचे होते. पहिले तीन दिवस मी सगळीकडे रे ट्रेसिंग सुरू ठेवले. चौथ्या दिवशी सावल्यांचे बंद केले, कारण फ्रेम अडखळत होत्या. मग प्रतिबिंबांचे बंद केले. मग पोत, म्हणजे वस्तूंच्या पृष्ठभागांवर चढवलेली चित्रे, खालच्या पायरीवर आणले, कारण ६ जीबी मेमरी भरून जात होती. दहाव्या दिवशी माझ्या लक्षात आले की उरलेला एक परिणाम टिकवण्यासाठी मी बाकी सगळे चित्र खराब करून घेतले आहे, आणि सगळे बंद केल्यावर गेम अधिक सुंदर दिसतो आहे. माझ्या सगळ्या तपासणीतला हा सर्वांत उपयोगी धडा होता. रे ट्रेसिंग चालवू शकते म्हणून घेतलेले आणि ते पेलू न शकणारे कार्ड हा या बाबतीतला सर्वांत महाग पर्याय आहे, मग त्याची किंमत कितीही कमी असो.

म्हणून मी ठरवले की घ्यायचे तर पेलणारे घ्यायचे, नाहीतर १६६० सुपरवरच राहायचे. दोन महिने थांबून आरटीएक्स ४०७० घेतले. मेमरी १२ जीबी, आणि ठरवून दिलेला वीजवापर २०० वॉट, म्हणजे जुन्या कार्डाच्या १२५ वॉटपेक्षा ७५ वॉट अधिक. मेमरीचा आग्रह मी मुद्दाम धरला होता, कारण ती पेट्यांची उतरंड कार्डाच्या मेमरीतच राहते आणि माझ्या पाहण्यात रे ट्रेसिंग सुरू केल्यावर एक ते दोन जीबी मेमरी सहज जास्त लागत होती. विजेचा हिशेबही केला: रोज तीन तास पूर्ण भाराने खेळले तर महिन्याला सात युनिटांच्या आत वाढ. तो भाग चिंतेचा नव्हता.

चिंता वेगळ्याच ठिकाणी निघाली. माझा एसएमपीएस, म्हणजे संगणकाला वीज पुरवणारा डबा, ४५० वॉटचा आणि सहा वर्षांचा जुना होता. कार्डाचे २०० आणि बाकी सगळ्याचे मिळून दीडशेच्या आत, असा मी कागदावर हिशेब केला आणि कार्डासाठी ६५० वॉटच्या एसएमपीएसची शिफारस असूनही जुनाच चालेल असे ठरवले. नेहमीचे गेम व्यवस्थित चालले. पहिल्यांदा ‘सायबरपंक २०७७’ हा गेम पाथ ट्रेसिंगवर, म्हणजे सगळा उजेड किरणांनीच मोजणाऱ्या सर्वांत जड सेटिंगवर, लावला, तेव्हा चौथ्या मिनिटाला पडदा काळा झाला आणि संगणक आपोआप पुन्हा सुरू झाला. दुसऱ्या दिवशी तेच. कार्ड सदोष आहे असे समजून मी विक्रेत्याला कळवले. त्याने काहीही न विचारता कार्ड परत पाठवून द्या, तीन आठवडे लागतील, असे उत्तर दिले. कार्ड पाठवण्याआधी मैत्रिणीच्या संगणकात लावून पाहण्याची बुद्धी झाली ते बरे झाले, कारण तिथे ते दोन तास न थांबता चालले. दोष एसएमपीएसचा होता. कार्डाचा सरासरी वापर २०० वॉट असला तरी क्षणार्धासाठी तो बराच वर उसळतो, आणि थकलेला एसएमपीएस नेमका त्या उसळीला मान टाकतो. ६५० वॉटचा नवा एसएमपीएस आला, त्याच्याबरोबर कॅबिनेटमध्ये एक पंखाही वाढला. या दोन्ही गोष्टी मी मूळ अंदाजपत्रकात धरल्या नव्हत्या, त्यामुळे रे ट्रेसिंगचा खर्च कार्डाच्या पावतीवर संपत नाही, हे मी आता विचारणाऱ्या प्रत्येकाला आधी सांगते.

प्रोसेसरचे प्रकरण त्यानंतर कळले. ‘सायबरपंक’मधल्या काबुकी या भागातल्या बाजारात, जिथे गर्दी फार असते, तिथे फ्रेम ५०च्या आसपास अडकून राहत. कमी ठिपक्यांत काढलेले चित्र मोठे करून दाखवणारी डीएलएसएस ही सोय एकेक पायरी खाली आणली, म्हणजे कार्डाला कमी ठिपके काढायला लावले, तरी आकडा हलेना. ठिपके कमी करूनही फ्रेम वाढत नसतील तर अडथळा कार्डात नसून प्रोसेसरमध्ये आहे, असे समजावे. नेहमीच्या पद्धतीत आपल्या पाठीमागच्या बहुतेक वस्तू गेम सरळ सोडून देतो. रे ट्रेसिंगमध्ये त्या सोडता येत नाहीत, कारण समोरच्या काचेत त्या दिसू शकतात, आणि हलणाऱ्या प्रत्येक माणसाबरोबर ती पेट्यांची उतरंडही सतत दुरुस्त करावी लागते. या सगळ्याच्या तयारीचा भार प्रोसेसरच्याही डोक्यावर येतो. मी प्रोसेसर बदलला नाही, गर्दीची सेटिंग एका पायरीने कमी केली आणि तेवढ्यावर भागवले.

आता मूळ प्रश्न. १४४०पीवर, सगळ्या सेटिंग वरच्या ठेवून, डीएलएसएस न वापरता, ‘सायबरपंक’मध्ये रे ट्रेसिंगशिवाय मला ७५च्या आसपास फ्रेम मिळत होत्या, रे ट्रेसिंगसह ४०च्या जरा वर, आणि पाथ ट्रेसिंगसह २०च्या आसपास. वेळेच्या भाषेत सांगायचे तर एक फ्रेम काढायला आधी १३ मिलिसेकंद लागत होते, ते अनुक्रमे २४ आणि ५० झाले. नवे कार्ड घेतल्यावरही पाथ ट्रेसिंग स्वतःच्या बळावर चालत नाही, हे मान्य करायला मला थोडे जड गेले.

मात्र मिळाले काय, हे आकड्यांवरून कळत नाही. प्रतिबिंबे मी सर्वांत आधी पाहिली, कारण जाहिरातीत तीच असतात. पावसानंतरचा रस्ता, डबक्यात उमटलेली दुकानाची गुलाबी पाटी. जुन्या पद्धतीत मान खाली घातली की पाटी पडद्याबाहेर जाते आणि त्या क्षणी डबक्यातली पाटीही विरून जाते, कारण ती पद्धत पडद्यावर दिसणाऱ्या ठिपक्यांतूनच प्रतिबिंब उचलते. रे ट्रेसिंगमध्ये मान कितीही खाली घाला, पाटी डबक्यात राहते. पहिल्या संध्याकाळी मी हे वीस वेळा करून पाहिले. आठवड्याभराने मात्र मला जाणवले की मी डबक्यांकडे पाहणे सोडून दिले आहे. पळताना, गाडी चालवताना, कोणाशी बोलताना प्रतिबिंब खरे की अंदाजाचे, हे माझ्या ध्यानातही येत नव्हते.

हे माझेच मत आहे की खरोखर तसे आहे, हे ताडण्यासाठी मी धाकट्या भावाला बसवले. तो चित्रे काढतो आणि गेमच्या तांत्रिक बाजूत त्याला रस नाही. मी एकाच जागेच्या छोट्या चित्रफिती तयार केल्या: रे ट्रेसिंग पूर्ण बंद, फक्त प्रतिबिंबे सुरू, फक्त प्रकाश सुरू, आणि पाथ ट्रेसिंग. शिवाय ‘मेट्रो एक्झोडस’ची मूळ आवृत्ती रे ट्रेसिंगशिवाय आणि मे २०२१ मध्ये आलेली तिची सुधारित आवृत्ती, जिला रे ट्रेसिंगचे कार्ड असणे ही किमान अटच आहे. कोणती कोणती ते सांगितले नाही. चालत्या दृश्यात प्रतिबिंबांचा फरक त्याला ओळखता आला नाही; एकदा तर त्याने रे ट्रेसिंग बंद असलेलीच चित्रफीत चांगली ठरवली. पण खोलीच्या आतल्या दृश्यांत तो एकदाही चुकला नाही. मी विचारले, “कशावरून सांगतोस?” तो म्हणाला, “ताई, यात टेबल जमिनीवर ठेवलंय. त्या दुसऱ्यात ते चिकटवलंय.” मग त्याने बोटाने टेबलाच्या पायाशी जमलेला काळोख दाखवला, आणि पायाच्या आतल्या बाजूला जमिनीच्या तांबूस रंगाची झाक चढली होती तीही. रेखाटताना वस्तूला वजन द्यायचे असेल तर याच दोन ठिकाणी पाहतात, असे तो म्हणाला. एका माणसाच्या चाचणीवरून मोठा निष्कर्ष काढू नये हे मला कळते, पण त्याने नेमके तेच ओळखले जे मला सुरुवातीला त्या लाकडी घरात दिसले होते आणि शब्दांत सांगता आले नव्हते. माझा पैसा वसूल झाला तो या टेबलाच्या पायाशी. सेटिंगमध्ये एकच गोष्ट सुरू ठेवण्याची ताकद असेल तर ती अप्रत्यक्ष प्रकाशाची ठेवावी, आणि प्रतिबिंबे व सावल्या यांचा विचार त्यानंतर करावा, असे मी ठामपणे म्हणेन.

पाथ ट्रेसिंग हा या सगळ्याचा पुढचा टप्पा. त्यात सूर्य, दिवे, आकाश, चमकणाऱ्या पाट्या या सगळ्यांचा उजेड एकाच रीतीने मोजला जातो. त्यामागचे समीकरण जेम्स कजिया यांनी १९८६ मध्ये मांडले होते. ‘सायबरपंक’मध्ये पाथ ट्रेसिंग एप्रिल २०२३ मध्ये आले. तिथल्या घराच्या खिडकीतून पहाटेचा उजेड आत येताना मी पाहिला तेव्हा हा गेम मी आधी कधी पाहिलाच नव्हता असे वाटले. पण किंमत इथे फ्रेमखेरीज दुसऱ्या रूपानेही द्यावी लागते. ठिपक्यामागे मोजकेच किरण परवडत असल्यामुळे कच्चे चित्र रवाळ येते, आणि तो रवा पुसण्यासाठी आधीच्या अनेक फ्रेममधली माहिती उसनी घेतली जाते. त्यामुळे दिवा विझला तरी त्याचा उजेड भिंतीवर क्षणभर रेंगाळतो, आणि अंधाऱ्या बोळात चालत्या माणसाच्या चेहऱ्यावर काहीतरी उकळल्यासारखे हलत राहते. सप्टेंबर २०२३ मध्ये आलेल्या डीएलएसएस ३.५ मधल्या रे रीकन्स्ट्रक्शनने हा दोष बराच कमी केला आहे, पण पूर्ण गेलेला नाही. डीएलएसएस मधल्या पायरीवर ठेवून मला ४५च्या आसपास फ्रेम मिळतात आणि संथ फिरण्याला त्या पुरतात. मधल्या फ्रेम रचून भरणारी फ्रेम जनरेशनची सोयही या कार्डात आहे. मूळ फ्रेम २०-२५ असताना ती लावली तर पडदा गुळगुळीत दिसतो पण माऊस हाताला जड लागतो, कारण रचलेली फ्रेम दाखवण्यासाठी पुढची खरी फ्रेम तयार होईपर्यंत थांबावेच लागते. मूळ आकडा ५०च्या वर असेल तरच मी ती वापरते.

स्पर्धात्मक गेममध्ये मी रे ट्रेसिंग एकदाही सुरू ठेवलेले नाही आणि ठेवणारही नाही. तिथे १० मिलिसेकंदांचे मोल प्रकाशापेक्षा जास्त आहे. ज्या गेममध्ये रे ट्रेसिंग फक्त सावल्यांपुरते आहे तिथेही ते बंद असते. ज्यांचा प्रकाश आधीच कष्टाने मोजून चिकटवलेला आहे आणि ज्यांतल्या दिवसाची वेळ बदलत नाही, अशा काही जुन्या गेममध्ये तर ते सुरू करून मला काहीच वेगळे सापडले नाही; त्या प्रकाशकारांनी हाताने केलेले काम इतके सुरेख आहे की त्याला मदतीची गरज नव्हती. माझ्याकडच्या गेमपैकी जेमतेम सहा गेममध्ये मी ते कायम सुरू ठेवते.

दरम्यान प्रश्नाचे स्वरूपही बदलते आहे. डिसेंबर २०२४ मध्ये आलेला ‘इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल’ आणि मे २०२५ मधला ‘डूम: द डार्क एजेस’ या दोन्ही गेमना रे ट्रेसिंगचे कार्ड लागतेच, माझ्या जुन्या १६६० सुपरवर ते खेळण्याचा विचारच करता आला नसता. प्रकाश आधी मोजून चिकटवायचा तर एक भिंत हलवली तरी ते मोजमाप पुन्हा करावे लागते आणि त्यात तासन्‌तास जातात, त्यामुळे बनवणाऱ्यांना ही वाट सोयीची वाटणे साहजिक आहे. यातला ‘डूम’ माझ्या कार्डावर अगदी सहज चालला, कारण मुळापासून याच पद्धतीसाठी रचलेला गेम नंतर जोडलेल्या रे ट्रेसिंगपेक्षा बराच हलका चालू शकतो. त्याच्या सेटिंगमध्ये मी सवयीने रे ट्रेसिंग बंद करण्याची ओळ शोधली आणि ती नव्हती.

जुने १६६० सुपर आता भावाच्या संगणकात आहे. मागच्या महिन्यात त्याने विचारले की मीही तुझ्यासारखे कार्ड घेऊ का. मी त्याला म्हटले, पुढच्या वर्षभरात खेळणार आहेस त्या गेमची नावे लिहून दे. त्याने पाच नावे दिली. तीन स्पर्धात्मक होती, चौथ्यात रे ट्रेसिंग नाही, आणि पाचवा ‘मेट्रो एक्झोडस’ची सुधारित आवृत्ती. तेवढ्या एका गेमसाठी तो शनिवारी माझ्याकडे येतो आणि माझ्याच संगणकावर खेळतो.